वरचा मजला, पश्चिमेची भिंत, जुळे सोलापूर: एसीचं बिल उतरवायला पहिला खर्च कशावर करावा?

वरचा_मजला

नमस्कार मंडळी. माहिती आधी देतो, म्हणजे प्रश्नाला प्रश्न येणार नाहीत.

तळमजला अधिक एक असं स्वतंत्र घर. झोपायची खोली वर, १० बाय १२, उंची १० फूट. डोक्यावर ५ इंची स्लॅब, त्यावर नुसता राखाडी सिमेंटचा गिलावा. पश्चिमेला ९ इंची विटांची भिंत, तिच्यात ४ बाय ४ ची दोन ट्रॅकची सरकती खिडकी. एसी दीड टनाचा, थ्री स्टार, इन्व्हर्टर, आर-३२ गॅस, २०२१ सालचा. आउटडोअर त्याच पश्चिमेच्या भिंतीवर, चोरीच्या भीतीने लोखंडी जाळीत बसवलेला. रात्री १० ते सकाळी ७ चालतो, २२ वर. तरी साडेअकरापर्यंत खोली निवत नाही.

बिल फेब्रुवारीत १४० युनिट, एप्रिलमध्ये ४१०. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, हे सोलापूरकरांना सांगायला नकोच.

सल्ले तीन मिळालेत. एक, फाइव्ह स्टार एसी घ्या. दोन, गॅस कमी झालाय, दर उन्हाळ्यात भरावाच लागतो. तीन, गच्चीवर रोज पाणी मारा. हाताशी १५ हजार रुपये आहेत. आधी काय करू?

मीटरवाला

आधी आकडे मांडू, मग खिसा उघडू.

४१० वजा १४० म्हणजे २७० युनिट, दिवसाला ९. हे सगळं एसीचं नाही. उन्हाळ्यात पंखे जास्त तास फिरतात, फ्रीजचा कंप्रेसर जास्त वेळ चालतो, त्यांचे दीड-दोन युनिट सोडा. एसीचे रात्रीला साधारण ७ उरतात. नऊ तासांत ७ म्हणजे तासाला पाऊण युनिटाच्या वर. दीड टनाचा इन्व्हर्टर खोली एकदा निवली की तासाला ०.४ ते ०.५ युनिटावर उतरायला हवा. तुमचा उतरतच नाही, म्हणजे रात्रभर कुठून तरी उष्णता येत राहते आहे, किंवा यंत्राला ती बाहेर टाकता येत नाही. बहुधा दोन्ही.

हा माझा अंदाज झाला. खरा आकडा दोन रात्रीत मिळतो. मीटरवरचं बटण दाबत युनिटांच्या आकड्यावर या, रात्री १० ला लिहा, सकाळी ७ ला लिहा. एक रात्र एसीसह, एक रात्र नुसत्या पंख्यावर. वजाबाकी केली की एसीचा खरा खप हातात येतो. पुढे जे काही कराल त्यानंतर हीच मोजणी पुन्हा करा, आणि एका वेळी एकच बदल करा. सगळं एका रविवारी उरकलं तर पैसे कशाने वाचले ते कळणार नाही.

आता फाइव्ह स्टार. २०२१ मध्ये थ्री स्टारचा आयएसईईआर (एक युनिट विजेत एसी वर्षभराच्या सरासरीने किती युनिट उष्णता बाहेर टाकतो तो आकडा) ३.५ ते ३.९९ असायचा. जुलै २०२२ मध्ये ताऱ्यांचा तक्ता बदलला आणि त्यातले बरेचसे एसी टू स्टारच्या घरात गेले. जानेवारी २०२६ पासून तक्ता आणखी कडक झालाय. म्हणून दुकानात तारे मोजत बसू नका, लेबलवरचा आयएसईईआरचा आकडा वाचा. तुमचा ३.७५ धरा आणि नवा ५.२ चा घेतला तर त्याच गारव्याला सुमारे २८ टक्के वीज कमी लागेल. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत ९० रात्री, ७ युनिटांनी ६३०. त्यातले वाचले पावणेदोनशे. युनिटाला १४ रुपये धरले तरी वर्षाला अडीच हजार. नव्या एसीला चाळीस-पंचेचाळीस हजार घातले तर वसूल व्हायला सोळा ते अठरा वर्षं, आणि तोवर तो नवा एसीही भंगारात गेलेला असेल. चालू एसी काढून नवा घेण्यात राम नाही. हा बंद पडला की तेव्हा जरूर चांगला घ्या.

युनिटाचा दर काढताना एक गैरसमज टाळा. महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. तीनशे ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात असं नाही, वरचे ११०च तिसऱ्या दराने लागतात. पण वाचवलेलं युनिट नेहमी वरूनच कमी होतं. म्हणजे तुमचे पहिले ११० वाचलेले युनिट सगळ्यात महागाचे, त्यानंतरचे दुसऱ्या टप्प्याचे, आणि तो दरही पहिल्या टप्प्याच्या जवळपास दुप्पट आहे. बिलावरचा वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन मिळवा, त्यावर १६ टक्के वीज शुल्क चढवा. तो खरा दर. आणि दोन बिलांची तुलना करताना रीडिंगचे दिवस बघा. २८ दिवसांचं बिल आणि ३४ दिवसांचं बिल शेजारी ठेवून काही कळत नाही.

फ्लेअरनट

दरवर्षी गॅस भरावा लागतो हे साफ खोटं. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळीत फिरतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने पुन्हा जाणार. बऱ्याचदा ही वाट म्हणजे पितळी फ्लेअर नट (तांब्याच्या नळीचं पसरवलेलं टोक, म्हणजे फ्लेअर, आवळून धरणारा), इनडोअरच्या मागचा किंवा आउटडोअरच्या व्हॉल्व्हवरचा.

घरच्या घरी तपासा. फिल्टर धुवून बसवा. एसी १८ वर, पंखा जोरात, १५ मिनिटं (फक्त चाचणीसाठी). एक साधा थर्मामीटर वरच्या बाजूला, जिथून हवा आत ओढली जाते तिथे धरा, मग खालच्या फटीत. फरक १० ते १४ अंश आला तर गॅसला हात लावू देऊ नका. ८ च्या खाली आला आणि आउटडोअरच्या बारीक नळीवर बर्फ धरलेला दिसला तर संशय रास्त आहे. "पाईपला घाम नाही, पाणीही टपकत नाही, म्हणजे गॅस गेला," हे मात्र आपल्याकडे एप्रिलमध्ये चालत नाही. हवाच इतकी कोरडी असते की घाम येणार कुठून? जुलैत तोच पाईप धो धो गळतो.

खरंच गळती निघाली तर काम असं व्हायला हवं: नायट्रोजनने दाब देऊन साबणाच्या फेसाने जोड तपासणे, फ्लेअर नवा काढणे, मग व्हॅक्यूम पंप किमान २० ते ३० मिनिटं लावून आतला दाब ५०० मायक्रॉनच्या (निर्वाताचं माप) खाली आणणे, आणि नंतर यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमइतका गॅस वजनकाट्यावर मोजून भरणे. कारागीर पंप न आणता "थोडा गॅस सोडून हवा काढतो" म्हणाला तर तिथेच थांबवा. आत राहिलेली हवा दाब वाढवते, ओल तेल खराब करते, आणि आर-३२ हा थोडा का होईना पेट घेणारा गॅस आहे. नुसत्या गेजवर विसंबून इन्व्हर्टरमध्ये गॅस भरणं हेही अंदाजपंचेच, कारण कंप्रेसरचा वेग बदलतो तसा दाब बदलतो.

तुमच्या वर्णनात मला खटकली ती जाळी. पश्चिमेचं ऊन आणि वर जाळी. यंत्राची क्षमता लेबलवर मोजलेली असते ती बाहेर ३५ अंश असताना. ४२-४३ ला ती आपोआप घटते, आणि फेकलेली गरम हवा जाळीला अडून पुन्हा मागून आत गेली तर यंत्राच्या दृष्टीने बाहेर ४८ आहे. तपासायला सोपं: एसी चालू असताना आउटडोअरच्या मागे, कॉईलपासून चार बोटांवर थर्मामीटर धरा, आणि दुसरा दहा फुटांवर सावलीत. दोन अंशांहून जास्त फरक म्हणजे गरम हवा फिरून परत येते आहे. जाळी ठेवायची तर पंख्याच्या समोरचा पूर्ण भाग उघडा कापा, चोरासाठी दोन आडव्या सळ्या पुरतात. समोर किमान दोन फूट मोकळं, मागे अर्धा फूट, वर पत्रा लावायचा तर दीड-दोन फूट उंचावर आणि तिन्ही बाजू उघड्या.

धुलाई वर्षातून एकदा, गुढीपाडव्याच्या आधी. आउटडोअरच्या कॉईलवरच्या पातळ पत्र्यांवर पाण्याचा झोत आतून बाहेर मारायचा, बाहेरून मारला तर धूळ आणखी आत रुतते. प्रेशर वॉशरने पत्र्या आडव्या होतात, साधा पाईप बास. इनडोअरचा ब्लोअर पिशवी लावून धुवून घ्या. त्याच्या पात्यांत धूळ बसली की आवाज तोच राहतो आणि वारा निम्मा होतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. फिल्टर एप्रिल-मेमध्ये दर १५ दिवसांनी.

नव्या_पेठेतली

२२ वर ठेवून काही लवकर गार होत नाही हो. खोली २६ लाच पोचत नसेल तर २२ चा आकडा फक्त कंप्रेसरला रात्रभर पळवतो. जानेवारी २०२० पासून नवे एसी चालू करताना २४ वरच उघडतात ते उगीच नाही. एका अंशाला साधारण ६ टक्के विजेचा फरक धरतात.

२६ ठेवा आणि छताचा पंखा दोनवर. पंखा इथे दोन कामं करतो. अंगाला वारा, हे एक. दुसरं म्हणजे एसीचा सेन्सर वर, छताजवळ असतो. वरच्या मजल्यावर स्लॅब तापलेला, तिथली हवा खालच्यापेक्षा गरम, म्हणून खाटेजवळ गार झालं तरी एसीला ते कळत नाही. पंखा हवा ढवळतो आणि सेन्सर खरं बोलायला लागतो. पंखा जुना ७५ वॅटचा असेल तर बीएलडीसीने (कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या पंख्याने) तेच काम ३० वॅटमध्ये होतं. दिवसाला १२ तास फिरला तर महिन्याला १६ युनिट वाचतात.

एसीच्या स्वतःच्या पंख्याचा वेग एप्रिल-मेमध्ये जोरात ठेवा. कोरड्या हवेत ओल काढायचं काम नसतं, जास्त हवा फिरली की तेवढ्याच विजेत जास्त गारवा मिळतो. ड्राय मोड या दिवसांत निरुपयोगी. जुलैत चिकचिक सुरू झाली की उलट करा, वेग कमी किंवा ड्राय मोड.

आणि सात वाजेपर्यंत कशाला? पहाटे बाहेर २५-२६ अंश असतं. साडेचारला टायमरने बंद, जाळीच्या खिडक्या उघड्या, पंखा चालू. नऊ तासांतले अडीच तास तिथेच गेले.

गच्ची_आणि_चुना

यंत्राचं झालं, आता डोक्यावरच्या भट्टीकडे या. रोग तिथे आहे.

१२० चौरस फुटांचा ५ इंची स्लॅब म्हणजे सव्वातीन टनांहून जास्त काँक्रीट. त्याचं तापमान १ अंशाने खाली यायला पाऊण युनिटाहून जास्त उष्णता बाहेर पडावी लागते, १० अंशांना आठ युनिट. त्यातली निम्मी आकाशाकडे गेली असं धरलं तरी चार युनिटभर उष्णता खोलीत उतरते आणि ती तुमचा एसी वीज जाळून बाहेर टाकतो. वरून तापलेल्या ५ इंची स्लॅबची उष्णता खालच्या बाजूला पोचायला साडेतीन-चार तास लागतात. म्हणजे दुपारी दोनचं ऊन संध्याकाळी सहाला छतातून यायला लागतं आणि दहापर्यंत चालू राहतं. ९ इंची विटेच्या भिंतीला त्याहून दुप्पट वेळ. चार-पाचचं ऊन आत येतं ते अकरा-बाराला. साडेअकरापर्यंत खोली का निवत नाही याचं उत्तर हेच.

मेमधलं भर दुपारचं ऊन चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास. राखाडी काँक्रीट त्यातलं साठ-पासष्ट टक्के पितं. ताजा पांढरा चुना पंचवीस टक्के, धूळ बसल्यावर चाळीसेक. तुमच्या खोलीपुरतं बोलायचं तर सात किलोवॅटच्या जागी पावणेतीन. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांत एसीविना दुपारी झोप लागायची ती जाड मातीमुळे. सिमेंटच्या स्लॅबला ती सोय नाही, निदान रंग तरी पांढरा द्या.

चुन्याचं प्रमाण, १०० चौरस फुटांना दोन हात: विरवलेला चुना २ किलो, पांढरं सिमेंट अर्धा किलो, पांढरा डिंक (रंगाच्या दुकानात मिळणारा) दीडशे ते दोनशे ग्रॅम, पाणी ताकाइतकं पातळ होईपर्यंत. मीठ घालू नका, सळईला गंज धरतो. कळीचा चुना आणलात तर लोखंडी पिंपात, चुना पाण्यात थोडा थोडा सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही; उकळून अंगावर उडतो, डोळ्यांना चष्मा हवाच. एक दिवस मुरू द्या, गाळून घ्या. तयार भुकटीची पिशवी आणली तर ही कटकट नाही.

बहुतेकांचं चुकतं ते वेळेत. तापल्या स्लॅबवर दुपारी चुना मारला की पाणी लगेच उडतं, चुना धरत नाही, आठवड्यात हाताला भुकटी लागते. संध्याकाळी स्लॅब झाडून, पाणी शिंपडून ओलसर करायचा आणि मग पहिला हात. दुसरा हात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आडवा-उभा. भेगा आधी क्रॅक फिलरने भरा, चुना भेग भरत नाही.

पूर्ण गच्चीला पैसे नसतील तर खोली आणि भोवती तीन-तीन फूट एवढंच करा. उष्णता स्लॅबमधून आडवी फार लांब जात नाही. तुमच्या खोलीला ते १६ बाय १८ म्हणजे तीनशे चौरस फुटांच्या आत होतं. चुना-सिमेंट-डिंक मिळून सामान हजाराच्या आत.

चुना एक पावसाळा काढत नाही, दर फाल्गुनात पुन्हा. ज्यांना ते नको त्यांनी अ‍ॅक्रिलिकचा परावर्तक रंग घ्यावा, तीन-चार वर्षं टिकतो, पण त्याचे नियम उलटे: पृष्ठभाग खडखडीत कोरडा हवा, आधी प्रायमर. ओल अडकली की फुगे येऊन पापुद्रे निघतात. आणि जुन्या चुन्यावर तो धरत नाही, तेव्हा पुढे रंग द्यायचा विचार असेल तर आजच ठरवा. डब्यावर लिहिलेलं कव्हरेज एका हाताचं की दोन हातांचं ते वाचल्याशिवाय डबे मोजू नका.

कूलरपंथी

एसीची एवढी चर्चा आणि कूलरचं नावही नाही? कूलरसाठी सोलापूरसारखी हवा शोधून सापडायची नाही. ४१ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचं तापमान (पाणी उडून हवा जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते ते) २३ च्या आसपास येतं. चांगला हनीकॉम्ब पॅड त्या फरकातला ८० टक्के गाठतो, म्हणजे जाळीतून २७ अंशांची हवा. पंखा आणि पंप मिळून २०० वॅट. एसी कशाला?

फ्लेअरनट

@कूलरपंथी पाणी कुठून आणायचं ते सांगा. आणि लोक कूलर लावून वर एसी लावतात, मग एसी बिचारा ओल काढत बसतो.

कूलरपंथी

पाण्याचा मुद्दा रास्त आहे, आकडा देतो. तासाला ३००० घनमीटर हवा १४ अंशांनी गार करायची तर १८-२० लिटर पाणी उडतं. रात्रभराचे दीड-पावणेदोनशे लिटर, चार-पाच दिवसांआड पाण्यावर हे परवडत नाही, मान्य. पण तासाला हजार घनमीटरचा लहान कूलर सहा-सात लिटर पितो, आणि तो रात्रभर नाही, संध्याकाळी ७ ते १० एवढाच चालवायचा. वीस लिटर. त्या तीन तासांत भिंती-स्लॅबची वरवरची उष्णता समोरच्या खिडकीतून बाहेर जाते. समोरची खिडकी उघडी हवी, निदान कूलरच्या तोंडाएवढी. बंद खोलीत कूलर म्हणजे न्हाणीघर.

दोन्ही एकत्र नकोत यावर वाद नाही. पण एकामागे एक चालतात. ३४ घनमीटरच्या खोलीतल्या हवेत कूलरने वाढवलेली ओल जेमतेम दोन-तीनशे ग्रॅम पाण्याइतकी भरते, ती एसीला जड नाही. गादी-पडदे थोडी जास्त धरतात. म्हणून पावणेदहाला पंप बंद, १५ मिनिटं नुसता कूलरचा पंखा, मग खिडक्या लावून एसी.

बोअरचं पाणी वापरत असाल तर टाकी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण उपसा. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, पॅडवर पांढरा थर चढला की हवा जात नाही. उपसलेलं पाणी संडासाला वापरा, झाडांना नको. डासांसाठीही आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करून घासायलाच हवी. मृगाचा पाऊस झाला, आर्द्रता ६० च्या वर गेली, की कूलर माळ्यावर.

वरचा_मजला

भरपूर मिळालं, आभार. मोजणी आजपासून. तीन शंका राहिल्या. आउटडोअरवर ओलं गोणपाट किंवा फवारा लावला तर चालेल का, कूलरचाच नियम तिथे लागू व्हायला हवा ना? गच्चीवर पाणी मारायचं की नाही? आणि खिडकीला आतून जाड पडदा आहे, तेवढं पुरेल?

फ्लेअरनट

नियम लागू होतो, म्हणूनच लोकांना मोह होतो. पण कॉईलच्या पत्र्या अॅल्युमिनियमच्या, कागदासारख्या पातळ. बोअरच्या जड पाण्याचा फवारा बसला की दोन महिन्यांत पांढरी खपली धरते, ती झोताने निघत नाही, आणि पुढच्या वर्षी यंत्र पहिल्यापेक्षा जास्त वीज खातं. गोणपाट तर हवाच अडवतं. सावली द्या, बास.

गच्ची_आणि_चुना

पाण्याचं: मघाशी सांगितलेली आठ युनिट उष्णता न्यायला १२ लिटर पाणी पुरतं, पण ते *उडालं* तर. बादल्या ओतल्या की बहुतेक पाणी पन्हाळीतून खाली, आणि घागरभर पाण्याचा उपयोग भांडंभर. सूर्य कलल्यावर, साडेसहा-सातला, गोणपाट अंथरून झारीने १२ ते १५ लिटर शिंपडा. दुपारी तीनला तापल्या स्लॅबवर गार पाणी ओतू नका, बारीक भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या गळतात. चुना मारल्यावर मात्र गोणपाट नको, चुना घासून जातो. दोन्हींतलं एकच निवडा, आणि पाण्याची ओढ बघता मी चुनाच निवडेन.

पडदा पुरत नाही. ४ बाय ४ ची पश्चिमेची काच म्हणजे दुपारी चार-पाचला खोलीत ठेवलेला पाऊण किलोवॅटचा हीटर. आतला पडदा ऊन काच ओलांडून आत आल्यावर अडवतो, तोवर उष्णता आत आलेलीच असते. बाहेरून बांबूची चीक किंवा वाळ्याची ताटी लावा, भिंतीपासून अर्धा फूट पुढे, म्हणजे मधून वारा जातो. सरकत्या खिडकीच्या दोन पल्ल्यांमधली केसाळ पट्टी झिजलेली असेल. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते, खोबणीत सरकवायची असते. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून पांढरा रंग, जमल्यास फूटभर अंतरावर शेड नेट. नेट हिरवी नको, पांढरी घ्या, आणि दर दोन फुटांवर बांधा. वळवाच्या वाऱ्यात मोकळं टोक सापडलं की अख्खी जाळी शेजारच्या गच्चीवर.

आतून थर्माकोल चिकटवण्याच्या फंदात पडू नका. पेट घेतो, आणि स्लॅब वर तापतच राहतो. उष्णतारोधक थर द्यायचा तर स्लॅबच्या वर, ५० मिलिमीटर एक्सपीएस (कडक फोमची पाटी) आणि त्यावर काँक्रीटचा पातळ थर. तो खर्च गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढाल तेव्हाचा. विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा मात्र इंजिनिअरला विचारल्याशिवाय टाकू नका, चार इंचांचा थर चौरस मीटरला पावणेदोनशे-दोनशे किलो वजन आणतो.

मीटरवाला

१५ हजारांत मग असं बसतं: धुलाई आणि जाळी कापणं, चुना, चीक, पट्ट्या, एक बीएलडीसी पंखा. निम्मेही संपणार नाहीत. उरलेले सोलरसाठी बाजूला ठेवा. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६० हजार, ३ किलोवॅट आणि वर ७८ हजार अनुदान आहे. १ किलोवॅट उन्हाळ्यात दिवसाला चारेक युनिट देतं आणि सुमारे १०० चौरस फूट जागा घेतं. पॅनल झोपायच्या खोलीच्या बरोबर वर, स्लॅबपासून तीन-चार फूट उंच बसवून घ्या, सावली फुकट मिळते. पण आधी खप कमी करा, मग किलोवॅट ठरवा. उलटं केलं तर गळक्या घागरीसाठी मोठा नळ घेतल्यासारखं होईल.

नव्या_पेठेतली

चुना मारायला आता उशीर झाला का? मे उजाडला तर महिनाभरासाठी कशाला?

गच्ची_आणि_चुना

महिनाभरच नाही, जूनमध्ये पाऊस लांबला तर तेही दिवस चांगलेच तापतात. तीनशे चौरस फुटांना सहा किलो चुना, दीड किलो पांढरं सिमेंट, अर्धा किलो डिंक. दोन संध्याकाळचं काम. फक्त दुसऱ्या हातानंतर दोन दिवस वळवाचा पाऊस नको, आभाळ बघून हात घाला.

फ्लेअरनट

@वरचा_मजला जाळी कापायला वेल्डर बोलवाल तेव्हा आधी एसीचा एमसीबी खाली करा आणि तांब्याच्या नळ्यांवर ओलं पोतं टाका. ग्राइंडरची एक ठिणगी नळीवरचं काळं रबर जाळते, आणि नळीला चरा पडला तर गॅसचा खर्च खरोखरच अंगावर येईल.